ड्रायव्हर नामवंत, हात चांगला, पण स्पॉन्सरचं ऐकत नाही. अर्धा हंगाम बाकी आहे, काय करावं?

खारंवारं

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. गाडीच्या तळाला मारायचं गंजरोधक कोटिंग आम्ही बनवतो. मार्केटिंग मी बघते, उत्पादन भाऊ बघतो आणि शेवटचा शब्द आप्पांचा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून चासी, ब्रेकचे पाइप, सायलेन्सरचे हँगर यांची काय गत करतात ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. चिखलातून, ओढ्यातून जाणाऱ्या गाडीवर आपलं नाव दिसावं या विचाराने यंदा आम्ही एका ऑफ-रोड ड्रायव्हरला स्पॉन्सर केलं. तो मालिकांमुळे घराघरात पोचलेला चेहरा आहे, आता सिनेमातही आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कुणी अंदाजही लिहू नका, ही हात जोडून विनंती.

गाडी तो मनापासून चालवतो, हे आधी सांगते. हौस म्हणून आलेला नट नाही. पण स्पॉन्सर म्हणून आमचं त्याच्याशी जमत नाहीये. डीलर मेळाव्याला खेडपासून सावंतवाडीपर्यंतचे डीलर सकाळपासून बसून होते. हा जेवणं उरकल्यावर आला, दोन वाक्यं बोलला आणि एकेका डीलरसोबत फोटोला उभं राहायला नकार देऊन निघून गेला. आमची टोपी एकदाही घातली नाही. समोरच्या काचेवरची आमची पट्टी स्पर्धेच्या दिवशी गायब होती. जाहिरातीच्या शूटिंगला "दहा वर्षं गंज विसरा" हे वाक्य बोलायला त्याने साफ नकार दिला आणि अर्धा दिवस वाया गेला. त्याच आठवड्यात त्याच्या इन्स्टाग्रामवर दुसऱ्या एका कंपनीच्या गंज काढायच्या स्प्रेचा फोटो. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे आमच्या कारखान्यातला एक मुलगा व्हिडिओ काढायला गेला होता, त्याच्यावर सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देत ओरडला.

आप्पांचं म्हणणं, उरलेले पैसे थांबवा आणि विषय संपवा. भाऊ म्हणतो, हंगाम सुरू झाल्यापासून चौकशीचे फोन वाढलेत, आता सोडू नका. पुढची फेरी गणपतीनंतर तळकोकणात आहे. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

तांबडीमाती

ताई, काचेवरची पट्टी त्यानेच काढली हे नक्की का? की नंतर फोटोत दिसली नाही म्हणून तसं वाटतंय? मी कुडाळजवळच्या दोन स्पर्धांत मार्शल, म्हणजे मार्गावरची सुरक्षा बघणारा, म्हणून उभा राहिलोय, म्हणून विचारतोय.

पेसनोट

तांबडीमातींचा प्रश्न नेमका आहे. मी मूळचा संगमेश्वरचा. पुण्यात राहून बरीच वर्षं रॅलीत नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरला वाट सांगणारा, म्हणून बसलो, त्यामुळे गाडीच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

प्रत्येक स्पर्धेची एक पूरक नियमावली असते. गाडीवरच्या काही जागा आयोजक त्यात स्वतःसाठी राखून ठेवतात. दारांवर नंबरची पाटी, त्याभोवती आयोजकांच्या प्रायोजकाचं नाव आणि बऱ्याचदा समोरच्या काचेचा वरचा पट्टाही. स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासतात तेव्हा, तिथे दुसरं काही चिकटवलेलं दिसलं तर काढायला लावतात. तुमची पट्टी तिथे गेली असण्याची शक्यता मोठी आहे. टीम मॅनेजरला विचारा आणि नियमावली मागवून घ्या. पुढच्या फेरीला बॉनेट आणि मागची फेंडरं धरा. चिखलात बॉनेट माखतं हे खरं, पण गाडी चढावर नाक वर करते तेव्हा फोटोत तेच दिसतं. तुमचा माल तळाला लागतो ना? मग गाडी कलते तेव्हा दिसणारे रॉकर पॅनेल, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, मागा. ती जागा सहसा कुणी मागत नाही, म्हणून स्वस्त मिळते.

आता टोपी. गाडी टीमची असते, पण टोपी आणि हेल्मेट या जागा पुष्कळदा ड्रायव्हरच्या स्वतःच्या असतात आणि तो त्या वेगळ्या विकतो. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा १९७६ साली न्युर्बुर्गरिंगला भाजला. त्यानंतर डोक्यावरचे व्रण झाकायला तो लाल टोपी घालायला लागला आणि त्या टोपीवर वर्षानुवर्षं पार्मालाट या दूध कंपनीचं नाव होतं. गाडीवर कुणाचंही नाव असो, टोपी त्याची. म्हणून तुमच्या करारात "टोपी" हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर त्याने ती दुसऱ्याला दिली असेल, किंवा द्यायला मोकळी ठेवली असेल.

आणि स्पर्धेचा दिवस. बाहेरून वाटतं की स्टेज, म्हणजे वेळ मोजायचा टप्पा, पाच-दहा मिनिटांची, बाकी दिवसभर हा रिकामा. तसं नसतं. स्टेज चालत बघून यायची, दगड कुठे सैल आहे, ओढ्याचं पाणी रात्रीत किती चढलंय, चाकातली हवा किती कमी करायची, विंचसाठी, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्रासाठी, कुठलं झाड किंवा कातळ धरायचा, हे सगळं डोक्यात चालू असतं. अशा वेळी कुणी "सर, एक फोटो" म्हणत आलं की चांगला माणूसही तुटक बोलतो. स्पॉन्सरचं काम स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्क्रुटिनी झाल्यावर किंवा बक्षीस समारंभानंतर ठेवलं तर निम्मी कुरबुर तिथेच मिटते.

फॉर्म्युला वनचा किमी रायकोनेन आठवा. बोलायचा कंटाळा, कार्यक्रमांचा त्याहून जास्त. २०१२ च्या अबूधाबी शर्यतीत इंजिनिअर रेडिओवर सूचना द्यायला लागला तर "मला एकटं सोडा, मी काय करतोय ते मला कळतंय" म्हणाला आणि शर्यत जिंकला. त्याच्या टीमने, लोटसवाल्यांनी, त्याला गोडबोल्या करायचा प्रयत्न केला नाही, उलट त्या वाक्याचे टी-शर्ट निघाले. पुढच्याच वर्षी त्याच टीमने त्याचे पैसे थकवले आणि तो उघडपणे बोलला. म्हणून मी नेहमी विचारतो की ड्रायव्हर अवघड वागतोय तर त्याच्याशी ठरलेलं सगळं आपल्या बाजूने पाळलं गेलंय ना?

खारंवारं

पेसनोट, मनापासून आभार. आमच्याकडून पैसे वेळेवर गेलेत, हे ठामपणे सांगते. बाकी करार मी उद्या पुन्हा वाचते.

हापूस_वारा

मी वेगळं मत मांडतो. एवढं कशाला सोसायचं? कुडाळ, चिपळूण, सावंतवाडी भागात अशी पोरं आहेत की जी वडिलांची जुनी जिप्सी स्वतः दुरुस्त करून, मित्रांकडून टायर मागून स्पर्धेला उतरतात. त्यांना एक टायरचा संच दिला तर वर्षभर तुमचं नाव छातीवर मिरवतील. डीलर मेळाव्याला सकाळी आठला हजर राहतील. त्यांना या चिखलाची आणि कातळाची सवय जन्मापासूनची. मुंबईचा चेहरा आपल्या मातीत येऊन आपल्याच पोराला शिव्या देतो आणि आपण करार वाचत बसतो, हे मला पटत नाही.

निशिगंध

हापूस_वारा, तुमचा राग समजतो. मी मुंबईत जाहिरात संस्थेत आहे, मोटरस्पोर्टची दोन खाती सांभाळली आहेत. स्थानिक मुलांना द्यावं हे अगदी मान्य, पण तो पुढच्या वर्षीचा निर्णय. आत्ता ताईंनी ज्यासाठी पैसे भरलेत ते कसं मिळवायचं हा प्रश्न आहे.

स्पॉन्सरकडे "सहन करा" आणि "तोडा" एवढे दोनच रस्ते नसतात. अमेरिकन ड्रायव्हर टोनी स्टुअर्टने २००२ साली इंडियानापोलिसला एका फोटोग्राफरवर हात टाकला. नॅसकार या तिथल्या शर्यत संघटनेने त्याला १० हजार डॉलर दंड केला आणि त्याचा स्पॉन्सर होम डेपोने स्वतःकडून ५० हजारांचा. म्हणजे स्पॉन्सरची शिक्षा संघटनेच्या पाचपट. पण त्यांनी त्याला सोडलं नाही आणि त्याच वर्षी तो हंगामाचा विजेता झाला. काइल बुशचं २०११ मधलं प्रकरण अजून बोलकं आहे. टेक्सासला ट्रकच्या शर्यतीत पिवळा झेंडा, म्हणजे सावकाश चालवायची सूचना, असताना त्याने दुसऱ्या गाडीला मुद्दाम भिंतीवर नेलं. नॅसकारने त्याला त्या शनिवार-रविवारी गाडीत बसू दिलं नाही. एम अँड एम्सने हंगामाच्या उरलेल्या दोन शर्यतींसाठी गाडीवरून आपलं नाव काढून घेतलं. फक्त दोन शर्यती. मग परत आले आणि २०२२ पर्यंत त्याच्यासोबत राहिले. २०१५ आणि २०१९ ची दोन अजिंक्यपदं त्यांच्या नावासकट आली. मुलांचा खाऊ विकणारी कंपनी होती, तिला गप्प बसणं शक्य नव्हतं, पण तिने शिक्षा मोजून दिली.

काही गोष्टींत मात्र मोजायचं नसतं. २०२० मध्ये काइल लार्सनने ऑनलाइन शर्यतीत वंशद्वेषी शब्द वापरला, तेव्हा मॅकडोनाल्ड्स आणि क्रेडिट वन बँक लगेच बाजूला झाल्या आणि टीमनेही काढून टाकलं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या टीमकडून परतला तेव्हा बऱ्याच शर्यतींत गाडीवर मोठा स्पॉन्सर नव्हता, टीममालकाच्याच कार विक्रीच्या धंद्याचं नाव होतं. तो त्या वर्षी अजिंक्य ठरला, तरीही.

ताई, तुमच्या यादीत माझ्या मते एकच गोष्ट या दुसऱ्या वर्गाच्या जवळ जाते. ती म्हणजे त्या मुलाला दिलेल्या शिव्या. टोपी, पट्टी, फोटो यांच्या रांगेत ती बसवू नका. तिचा निकाल आधी लावा, बाकी बोलणी नंतर.

पेसनोट

निशिगंध, शिव्यांबद्दल सहमत. फक्त ताईंना एक विचारतो, तो मुलगा नेमका कुठे उभा होता? विंच चालू होती का?

कातळसडा

मी मालवणीतच लिहितंय, समजान घेवा. त्या स्पर्धेक मी थय होतंय. शिवी दिल्यान ता मी आयकलंय, खोटां कशाक बोलू. पन दुसरां पन बघलंय. स्पर्धा संपल्यार गावातली शाळेची पोरां वह्यो घेवन इली. पाऊस धो धो. तेची छत्री धरूक कोन नाय. तरी शेवटचा पोर जायसर तो थयसून हललो नाय. एका पोराक गाडीत बसवन विंच कशी चालता ता दाखवल्यान. मगे ह्योच माणूस तुमच्या हॉलात कित्याक असो वागलो? माका वाटता तेका हॉल नको, चिखल व्हयो.

देवगडकर_वकील

उशिरा लिहितोय. बाई, तुम्ही करार पुन्हा वाचणार आहात, तेव्हा काय शोधायचं ते सांगतो. वकिली देवगडात, पण आंबा निर्यातीपासून नाटकाच्या दौऱ्यापर्यंत नाना प्रकारचे करार हाताखालून गेलेत.

पहिली गोष्ट, त्याला जबरदस्तीने टोपी घालायला किंवा हसायला कुठलंही न्यायालय लावणार नाही. ज्या कराराचा गाभा एखाद्या माणसाच्या वैयक्तिक गुणांवर अवलंबून असतो, तो स्पेसिफिक रिलीफ कायदा, १९६३ च्या कलम १४ प्रमाणे त्याच्याकडून करवून घेता येत नाही. तुमच्या हाती राहते ती नुकसानभरपाई. तिथे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ लागू होतं. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. म्हणून भला मोठा दंड लिहून कुणाला धाक दाखवण्यात अर्थ नाही. पैसे टप्प्यांत देण्यात आहे. सहीला थोडे, प्रत्येक स्पर्धेनंतर थोडे, आणि हजेरीचे दिवस पूर्ण झाल्यावर शेवटचा हप्ता. तुम्ही आगाऊ किती दिलेत त्यावर तुमचं आजचं बळ ठरेल.

दुसरी गोष्ट, हजेरी तासांत लिहिलेली हवी. "मेळाव्यास उपस्थित राहील" यातून काही निष्पन्न होत नाही. किती वाजता येईल, किती तास थांबेल, प्रवास आणि मुक्काम कुणाचा, एकेकट्या फोटोला उभा राहील की एकत्र, हे सगळं लिहायचं. तिसरी गोष्ट, प्रतिस्पर्धी माल म्हणजे नक्की काय. गंज रोखणारं कोटिंग आणि गंज काढणारा स्प्रे एकाच वर्गात मोडतात की नाही, यावर समोरचा वकील तासभर बोलेल. वर्गाची व्याख्या नसेल तर तो फोटो करारभंग ठरेलच असं नाही. चौथी, करार संपल्यावर त्याचा चेहरा तुम्ही किती दिवस वापरू शकता. हातखंब्याच्या तिठ्यावरचा फलक एक दिवस जास्त राहिला तरी वाद होतो.

आणि आता कदाचित तुम्हाला आवडणार नाही असं एक. "दहा वर्षं गंज विसरा" हे वाक्य बोलायला त्याने नकार दिला, त्यात तो बरोबर होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. चेहऱ्याला एक वर्ष जाहिराती करायला मनाईही होऊ शकते. दाव्याची खातरजमा केली होती असं दाखवता आलं तरच तो सुटतो. तुमच्याकडे दहा वर्षांच्या चाचणीचा कागद आहे का? नसेल तर हे वाक्य त्याने न बोलून तुम्हालाही वाचवलं आहे. पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहिणंही आवश्यक आहे, ते करारात घाला.

निशिगंध

काका, फार मोलाचं लिहिलंत. ताई, शूटिंगचा मुद्दा मग तक्रारीतून काढाच. बोलणी करताना आपल्या यादीत एकही कच्ची तक्रार नको. समोरच्याचा मॅनेजर तीच पकडून बाकीच्या चार हाणून पाडतो.

खारंवारं

सगळ्यांचे प्रतिसाद घरी आप्पांना आणि भावाला मोठ्याने वाचून दाखवले. कराराबद्दल लिहिते.

टोपीचा उल्लेख करारात नाही. फक्त "अंगावरील पोशाखावर बोधचिन्ह" असं आहे आणि ते त्याच्या रेसिंग सूटवर आहे. पट्टी आयोजकांनीच काढायला लावली होती, टीम मॅनेजरने नियमावलीचं पान पाठवलं. पेसनोट आणि तांबडीमाती, तुमचं बरोबर निघालं. दहा वर्षांचं वाक्य जाहिरात करणाऱ्यांनी सुचवलं होतं. आमच्याकडे मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे अहवाल आहेत, पण ती प्रयोगशाळेतल्या तासांची चाचणी आहे, तिचं वर्षांत रूपांतर करता येत नाही. भावाने तेव्हाही हे सांगितलं होतं. वाक्य काढलं आहे.

स्प्रेच्या फोटोबद्दल मात्र करार आमच्या बाजूने आहे. "गंजाशी संबंधित कोणतेही उत्पादन" असे शब्द आहेत. आणि मेळाव्याची वेळही लिहिलेली आहे, सकाळी अकरा.

त्या मुलाशी मी काल शांतपणे बोलले. पेसनोट, विंच चालू होती. गाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर अडकली होती, दोर ताणलेला होता आणि हा चांगला व्हिडिओ मिळावा म्हणून दोराच्या बाजूला जवळ जाऊन उभा राहिला होता. त्याला तिथे धोका असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणतो, "ताई, ओरडले त्याचं काही नाही, पण आईवरून बोलायला नको होतं. माझी आई सहा महिन्यांपूर्वी गेली." मला पुढे काही बोलता आलं नाही.

पेसनोट

ताई, वाचून फार वाईट वाटलं.

ताणलेल्या विंचच्या दोराबद्दल इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो, कारण आता पावसाळ्यात आपल्याकडे रविवारी हौशी मंडळीही विंच घेऊन बाहेर पडतात. पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो. हुक किंवा शॅकल सुटलं तर गोळीसारखं उडतं. सिंथेटिक दोर हलका, कमी ऊर्जा साठवतो, पण त्याच्या टोकालाही लोखंडच असतं. दोराच्या लांबीइतकं अंतर सगळ्या बाजूंनी मोकळं ठेवायचं, दोर ओलांडायचा नाही, दोरावर मधोमध जाड ब्लँकेट किंवा ओलं पोतं टाकायचं. बघणाऱ्यांना मागे ठेवणं हे मार्शलचं काम आहे, त्या दिवशी तिथे मार्शल असायला हवा होता.

म्हणजे ओरडणं त्या क्षणी योग्यच होतं. मीही जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण "मागे हो" एवढ्यानं काम झालं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून त्याच्यापुढे मांडा. पहिल्याबद्दल त्याचे आभार माना, दुसऱ्याबद्दल माफी मागायला सांगा. त्याला बचावासाठी जागा उरणार नाही आणि अपमानही वाटणार नाही.

हापूस_वारा

त्या मुलाचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं, पण पेसनोट म्हणतात ती पद्धत बरोबर आहे. माफी मागितली नाही तर मात्र पैसे थांबवा ताई. नोटीस वकीलकाका लिहून देतील.

देवगडकर_वकील

देईन. पण आधी समोरासमोर बसा. नोटीस गेली की बोलणं वकिलांचं होतं, आणि वकील एकमेकांशी बोलायला लागले की हंगाम संपतो. भेटायला एकाच माणसाने जावं. आप्पा, भाऊ, तुम्ही, जाहिरातवाले असे चौघे गेलात तर त्याचाही मॅनेजर चार माणसं आणेल.

निशिगंध

आणि त्या भेटीत त्याला विचारा की त्याला स्वतःला काय जमतं. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. फॉर्म्युला वनचा जेम्स हंट १९७६ ला मॅकलारेन टीमकडे आला तेव्हा स्पॉन्सरच्या कार्यक्रमांना सूट घालण्याचं कलम त्याने करारात येऊच दिलं नाही. मोठमोठ्या लोकांपुढे टी-शर्टात, अनवाणी जायचा. त्याच वर्षी एका गुणाने जगज्जेता झाला आणि स्पॉन्सर सिगारेट कंपनीला हवी ती प्रसिद्धी त्या अनवाणी माणसानेच मिळवून दिली. पॉल न्यूमन हॉलिवूडचा एवढा मोठा नट, पण शर्यतीच्या कागदावर पी. एल. न्यूमन असं नाव लिहायचा. त्याला पिटमध्ये फक्त ड्रायव्हर म्हणून राहायचं होतं. १९७९ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची गाडी दुसरी आली. आपल्याकडे तमिळ नट अजित कुमारने २०११ मध्येच स्वतःचे चाहता संघ बरखास्त केले, सिनेमाच्या प्रसिद्धीलाही जात नाही, पण २०२५ च्या जानेवारीत दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत टीम घेऊन उतरला आणि त्याच्या टीमने गटात तिसरा क्रमांक मिळवला. नटाला शर्यतीत जे हवं असतं ते बहुधा हेच असतं, की इथे तरी मला चेहरा म्हणून उभं करू नका. आपण त्याला नेमकं चेहऱ्यासाठीच घेतलेलं असतं. हा पेच प्रत्येक नामवंत ड्रायव्हरच्या करारात आहे, त्याच्यावर तोडगा करार लिहितानाच काढावा लागतो. कातळसडांनी जे पाहिलं ते मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तांबडीमाती

मग डीलरांनाच स्पर्धेला न्या ना. हॉलचं भाडं वाचेल.

खारंवारं

भेट झाली. मी एकटीच गेले. त्याचा मॅनेजर होता, पण बराच वेळ तो गप्पच होता.

सुरुवात पेसनोटनी सांगितली तशी केली. दोरापासून आमच्या मुलाला दूर केल्याबद्दल आभार मानले. मग तो मुलगा जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता, तो पुढे झाला. फोन नंबर मागितला. मी म्हटलं, फोनवर नको, कारखान्यात या. दुसऱ्या दिवशी आला. सोबत कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता. शिव्या कामगारांसमोर नव्हे, पण स्पर्धेत सगळ्यांसमोर दिल्या होत्या, म्हणून माफी त्याने कामगारांसमोर मागितली. हे मी त्याला सुचवलं नव्हतं. आमच्या मुलाने हात पुढे केला. तो विषय आमच्या बाजूने संपला.

बाकी सगळं असं गोड झालं नाही. मेळाव्याला उशीर झाला त्याबद्दल तो ट्रॅफिक आणि महामार्गाचं काम सांगत राहिला. आमचे सावंतवाडीचे डीलर त्याच महामार्गाने वेळेत पोचले होते, हे मी त्याला सांगितलं, त्यावर उत्तर आलं नाही. स्प्रेची पोस्ट मॅनेजरने टाकली होती असं म्हणाले. कुणी टाकली याच्याशी करारात आमचा संबंध नाही, हे काकांनी शिकवलं होतं तसं बोलले. पोस्ट काढली आणि त्या महिन्याच्या हप्त्यातून काही रक्कम कमी करायला ते तयार झाले. एकेकट्या फोटोला अजूनही नाहीच म्हणतो. त्याचं म्हणणं, ओळीत उभं राहून पन्नास लोकांशी हात मिळवताना त्याला गुदमरतं. मला ते खरं वाटलं.

तेव्हा पुढच्या फेरीसाठी पुरवणी करार केला. डीलर स्पर्धेच्या आदल्या दुपारी, स्क्रुटिनीनंतर, सर्व्हिस पार्कात, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, येतील. चार-चार जणांचे गट. तो गाडी जॅकवर चढवून तळ दाखवेल, कोटिंग कुठे टिकलं आणि कुठे दगडाने खरवडून गेलं तेही दाखवेल. हे शेवटचं आप्पांना आवडलं नाही, पण भाऊ म्हणाला, खरवडलेलं दाखवलं तरच टिकलेल्यावर विश्वास बसेल. या कल्पनेवर तो ड्रायव्हर पहिल्यांदा मनापासून बोलायला लागला. मी उठेपर्यंत तो डिफरन्शियलच्या खालच्या वेल्डिंगबद्दल बोलत होता आणि आमचा माल तिथे का सुटतो याची कारणं सांगत होता. ती कारणं मी सांगितल्यावर भावाने लिहून घेतली आहेत.

बॉनेट आणि रॉकर पॅनेल मिळाली. टोपीचा नाद सोडला. शेवटचा हप्ता डीलरांची दुपार पार पडल्यावर. जाहिरातीचं वाक्य आता चाचणीच्या तासांसकट आहे.

आप्पा अजून पुरते राजी नाहीत. हापूस_वारा, त्यांना तुमचा प्रतिसाद सगळ्यात जास्त पटला. पुढच्या वर्षी थोडी रक्कम दोन स्थानिक मुलांच्या टायरसाठी बाजूला काढायची असं त्यांनी परस्पर जाहीर केलंय. कुणी लायक मुलं माहीत असतील तर मला निरोप पाठवा.

हापूस_वारा

आप्पांना माझा नमस्कार सांगा. दोन नावं निरोपात पाठवतो. दोघांच्याही गाड्या एकदा स्वतः बघून या, मग ठरवा.

देवगडकर_वकील

पुरवणी कराराच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेतल्या ना? आणि मूळ करारातलं कुठलं कलम बदललं त्याचा क्रमांक पुरवणीत आहे ना?

खारंवारं

हो काका, दोन्ही केलंय. मुद्रांकासह.

पेसनोट

डीलर यायच्या आधी सर्व्हिस पार्कात पिवळी फीत बांधून घ्या. गाडी जॅकवर असेल तर खाली स्टँड लावल्याशिवाय कुणाला वाकू देऊ नका, ड्रायव्हर बोलावत असला तरी. तुमच्या त्या मुलाला हे काम द्या, त्याच्याइतकं काळजीने दुसरं कुणी करणार नाही.

कातळसडा

डीलर मंडळींका गमबूट घेवन येवूक सांगा. गणपती झाले तरी व्हाळाक पाणी आसताच, आनी व्हाळापलीकडे गाडी जाणा नाय. अर्धो मैल चलाक लागतला. चाय-भज्यांची सोय आमी गाववाले करतंव, किती माणसां येतली ता आदल्या दिसा कळवा.